मला आर्किटेक्ट का व्हायचंय?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मी बारावीत असल्यामुळे सध्या जो भेटेल तो विचारतो, "पुढे काय?" मी "आर्किटेक्चर" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे सिव्हिलच ना?" आज समितीने मला पाच मिनिटं दिली आहेत, तेव्हा सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

सिव्हिल इंजिनिअर इमारत उभी राहील याची काळजी घेतो. आर्किटेक्ट त्या इमारतीत माणसं कशी राहतील याचा विचार करतो. ऊन कुठून येईल, स्वयंपाकघरातला धूर कुठे जाईल, मुलं कुठे खेळतील, दारात उभं राहून शेजाऱ्याशी बोलता येईल का, हे सगळं त्यात येतं. दोघांचीही गरज असते. मला दुसरं काम जास्त आवडतं.

हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, शिवाय नाटासारखी वेगळी परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तसा १९७२ चा कायदाच आहे. बाबांची काळजी वेगळी आहे. पाच वर्षं खर्च करायचा आणि सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी! त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच मी हे नीट विचार करून ठरवलं आहे.

बाळकृष्ण दोशी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२७ साली पुण्यात जन्मलेले दोशी हे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. ते त्यांना २०१८ मध्ये मिळालं. इंदूरमध्ये त्यांनी 'अरण्य' ही वसाहत आखली. तिथे गरीब कुटुंबांना जोतं, पाणी आणि संडासाची सोय करून दिली. पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. आपल्या जवळ, बेलापूरला चार्ल्स कोरिआंनी अशीच बैठी घरं बांधली. तिथे साधारण सात घरांना मिळून एक अंगण आहे. मोठं नाव झालेल्या या माणसांनी साध्या लोकांच्या ओट्या-अंगणाचा इतका विचार केला, हे वाचल्यावर माझं मत पक्कं झालं.

आता आपल्या इमारतीकडे येते. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यातले बहुतेक जण तरुण होते, त्या पायऱ्या कुणाला दिसल्याच नाहीत. आज दुसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर आहेत. त्यांना खाली आणायचं तर दोन माणसं लागतात, म्हणून त्या येतच नाहीत. आजचा कार्यक्रमही त्या गॅलरीतूनच बघताहेत.

मागच्या वार्षिक सभेत रॅम्पचा विषय निघाला आणि "पार्किंग जाईल" म्हणून मागे पडला. मी टेप घेऊन मोजलं. एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब हवा, म्हणजे ढकलणाऱ्याला दम लागत नाही. आपल्या चार पायऱ्या मिळून दोन फूट, म्हणजे चोवीस फूट रॅम्प. मीटर बॉक्सच्या बाजूला सत्तावीस फूट जागा आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या चार स्कूटर मागच्या बाजूला लावता येतील. कागदावर काढून तो नकाशा मी सचिव काकांकडे दिला आहे. तो कच्चा आहे, जाणकाराकडून तपासून घ्यावा लागेल. पण येत्या सभेत हा विषय पुन्हा घ्यावा, एवढी विनंती.

रॅम्प झाला तर तो फक्त आजींचा नसेल. बाळाची गाडी, गॅस सिलिंडर, गुडघे दुखणारे काका, सगळेच तो वापरतील. आणि आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो लागेल. अशा गोष्टी आधीच, नकाशा काढतानाच सुचाव्यात, म्हणून मला हे शिकायचं आहे.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. तुमचे आशीर्वाद असू द्यात.