चवदार तळे आणि माँटगोमेरीची बस
(पनागर येथील स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूर-कटनी मार्गावरील या पनागरात, मराठी श्रोत्यांसमोर, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या न्यायलढ्याविषयी बोलण्याचे मी योजिले आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात नाट्यसंगीत किंवा संतवाङ्मय असा एखादा विषय अधिक शोभला असता, असे काहींना वाटेल. परंतु हा विषय मराठी भाषेला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना आदरपूर्वक अर्पण केली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात राहून इतक्या दूरच्या घटनेचा आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाशी असलेला संबंध ज्याने ओळखला, त्याच्या दृष्टीचा पल्ला केवढा असेल! आणि ही केवळ पुस्तकी सहानुभूती नव्हती. त्याआधी पाचच वर्षे, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

पाण्यावरून आपण महाडला येतो. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास मान्यता दिली. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात कोणी खुले करावयाचे? १९२७ च्या मार्चमध्ये तेथे परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस असे स्पृश्य सहकारीही पाठीशी होते. पाणी नाकारले जाते म्हणून भरलेल्या परिषदेलाच पाणी विकत घ्यावे लागले, याहून बोलका पुरावा कोणता? २० मार्च रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. पुढे मारहाण झाली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेपूर्वी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी तो पाळला, सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पूर्वापार वहिवाट म्हणून जी सांगितली जात होती, ती सिद्धच होऊ शकली नाही. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आता अमेरिकेच्या दक्षिणेतील माँटगोमेरी शहराकडे वळू. तेथे बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. गोरा उतारू उभा असला तर काळ्याने उठावयाचे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाई उठल्या नाहीत व त्यांना अटक झाली. इथपर्यंतची गोष्ट आपणांस ठाऊक असते. मला कुतूहल आहे ते त्या रात्रीचे. जो ॲन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिकेने एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने महाविद्यालयाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रभर पत्रके काढली. हजारो प्रती सकाळपर्यंत तयार! सोमवारी, ५ तारखेला, बसवर बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अवघ्या सव्वीस वर्षांचे होते. त्यांचे नाव जगभर झाले, ते योग्यच. पण रोज मोलकरणींना कामावर पोहोचविणाऱ्या मोटारी, थांब्यांची आखणी, पेट्रोलचा खर्च, हे सर्व कोणी चालविले? मोटारींचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा विमा थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला. जॉर्जिया गिल्मोर या बाईंनी शेजारणींना जमवून जेवण आणि केक-पाय करून विकले आणि पैसा उभा केला. देणगी कोठून आली असे विचारले तर उत्तर ‘कोठूनच नाही’, आणि तेच त्यांच्या मंडळाचे नाव. आपल्या भगिनींनी सभागृहाच्या निधीसाठी पुरणपोळ्या लाटल्या असतील, तर त्यांना हे अर्थशास्त्र समजावून सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. त्यांच्या पहिल्या मागण्या अगदी नेमस्त होत्या: सौजन्याची वागणूक, आधी येईल त्यास आधी जागा, काळ्या वस्तीच्या मार्गावर काळे चालक. तेवढेही नाकारले गेले, म्हणून प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. दावा लावणाऱ्या महिलांमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन होती. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, ती बसमधून उठण्यास नकार देऊन अटकेत गेली होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयात मोटारींच्या व्यवस्थेवर मनाईहुकूम निघत असतानाच सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविल्याची बातमी आली.

१९५६ ची ती शरद् आपल्यालाही विसरता येत नाही. १४ ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झाले. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर एकाच प्रांतात असलेली नागपूर व जबलपूर दोन राज्यांत गेली. येथील मराठी माणूस अल्पसंख्य झाला. त्या दुःखाचा उच्चार आपल्या वार्षिक अंकांतून पुष्कळ झाला आहे, आणि तो खोटा नाही. पण त्याच शरदात दुसरी दोन माणसे काय मागत होती, बसमध्ये बसण्याची जागा आणि माणूस म्हणून जगण्याचा धर्म, हेही त्याच अंकांत यावयास हवे होते, असे मला वाटते.

या दोन प्रवाहांची ओळखही झाली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे नेलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली होती; त्यांचे उत्तरही आले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचे. त्या पक्षाच्या बंदुका सर्वांना आठवतात. त्यांनी १९६९ पासून चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी दिली, हे कोणी सांगत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत आहेत. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडले. त्याआधीच्या दोन वर्षांतच नागरी हक्कांचे आणि मताधिकाराचे कायदे झाले होते. तेच वातावरण, तीच माणसे पाठीशी. ज्यांनी माँटगोमेरीत पायी चालून चपला झिजविल्या, त्यांच्या वाटेने आपली विमाने उतरली. आणि आपण बरोबर काय नेले? सिएटल नगरपरिषदेला २०२३ मध्ये जातिभेदास बंदी करणारा कायदा करावा लागला, हा त्याचा एक जबाब आहे.

कार्यकारिणीपुढे माझी एक साधी सूचना आहे. पुढील व्याख्यानमालेत एक पुष्प ‘गुलामगिरी’वर व एक महाडवर ठेवावे. त्यासाठी वक्ते शोधताना रेल्वे व कारखान्यांच्या वसाहतींतही जावे. जी मराठी कुटुंबे आपल्या सभासद-यादीत अजून नाहीत, त्यांना प्रथम विचारावे.