चारचौघांत बसण्याचा हक्क



 आपल्या प्लॅस्टिक सर्जरीच्या शाखेची एक वाटणी समाजात रुळली आहे आणि थोडीफार आपल्याही मनात आहे. भाजून आखडलेला हात मोकळा करणारा, दुभंगलेला ओठ शिवणारा सर्जन म्हणजे सेवाभावी. नाक सरळ करणारा, पोटावरची चरबी काढणारा म्हणजे धंदेवाईक. पेशंटचीही तशीच वाटणी होते: पहिला गरजू, दुसरा हौशी. ही वाटणी पेशंटच्या बाजूने पाहिली तर टिकत नाही, असे माझे मत आहे. माणूस कोणती शस्त्रक्रिया मागतो हे त्याच्या हौशीपेक्षा समाजाच्या नजरेवर जास्त ठरते. जिथे ती नजर बोचते, तिथेच तो आपल्याला सुरी चालवायला सांगतो. म्हणून प्रत्येक काळातली सर्वाधिक मागणीची शस्त्रक्रिया हा त्या काळातल्या समाजाच्या निष्ठुरपणाचा दाखला असतो. आपण तो नीट वाचायला हवा.

सुरुवात पुण्यापासून करू. कावसजी हा शेतकरी जातीचा मराठा १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेत बैल हाकत होता. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आलेले या शस्त्रक्रियेचे वर्णन आजही आपल्याला शिकवण्यासारखे आहे. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या आकाराची करून घेतली. ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधला एक अरुंद पट्टा मात्र रक्त चालू राहावे म्हणून तसाच ठेवला. ती कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जुन्या व्रणाच्या ताज्या केलेल्या कडेत बसवली. वरून पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून चिकटवला, चार दिवसांनी तुपात भिजवलेली कापडे ठेवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधला पट्टा कापला. हा लेख वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि युरोपात आपल्या शाखेला नवा जन्म मिळाला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचे पेन्शन होते, म्हणजे पोटाची सोय होती. श्वास चालू होता, जखम भरली होती. तरीही कपाळाची कातडी सोलून घ्यायला तो भुलेशिवाय तयार झाला. कापलेले नाक म्हणजे गेलेली अब्रू, हे आपल्या भाषेतच आहे. नाक कापणे, नाक खाली होणे, नाक घासणे हे शब्दप्रयोग शरीराबद्दल नाहीत, लोकांतल्या स्थानाबद्दल आहेत. कावसजीला हवी होती ती चारचौघांत बसण्याची जागा.

दीडशेहून जास्त वर्षांनी तोच प्रश्न पुण्याजवळच कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांच्यासमोर आला. इंग्लंडमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून ते परतले होते. डॅप्सोन हे औषध आल्यामुळे कुष्ठाचे जंतू मरत होते, पण आतला आधार झिजल्याने नाक बसलेले, भुवया गळालेल्या. औषधाने बरा झालेला माणूस घरी जाई आणि चेहऱ्यावरून ओळखला जाऊन परत येई. अँटियांनी नाकाला आतून आधार दिला, डोक्यावरची केसांची पट्टी भुवईच्या जागी आणली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. आता विचार करा: गळालेल्या भुवईने कोणते काम अडते? फारसे नाही. वर्गीकरणच करायचे तर ही सौंदर्याची शस्त्रक्रिया. पण तिच्याशिवाय त्या माणसाला घराचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. आणि केसांची मुळे एका जागेहून दुसरीकडे लावण्याची हीच युक्ती आज टक्कल झाकायला वापरली जाते. तंत्र एकाच घरातले. एकाला आपण पुनर्वसन म्हणतो, दुसऱ्याला फॅशन.

आज तालुक्याच्या दवाखान्यात काय मागितले जाते ते पाहू. जड दागिन्यांनी फाटलेली कानाची पाळी जोडून द्या, ही मागणी सर्वांत जुनी. सुश्रुतसंहितेत पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सांगितल्या आहेत. घरात लग्नकार्य आहे आणि कानात काही घालता येत नाही, एवढेच त्या बाईचे दुःख असते आणि ते खरे असते. वाढलेल्या छातीचा मुलगा येतो. तालमीत, विहिरीवर, पोलीस भरतीच्या मैदानावर त्याला शर्ट काढायची लाज वाटते. भरतीसाठीच गोंदण काढून मागणारे येतात. लग्न ठरत नाही म्हणून केस लावून घेणारे येतात, आणि रंग उजळून मागणाऱ्या मुली येतात. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली, २०२० मध्ये तिच्या नावातून गोरेपणा गेला. स्थळांच्या जाहिरातींतून तो अजून पुरता गेलेला नाही. या सगळ्यांना हौशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांतले बहुतेक कावसजीच्याच रांगेत उभे आहेत.

मग सगळ्याच मागण्या सारख्या का? नाहीत. चारचौघांत बसता यावे ही एक इच्छा आणि चारचौघांत उठून दिसावे ही दुसरी. पहिलीला शेवट असतो. पाळी जोडली, कुडी घातली, काम झाले. दुसरीला शेवट नसतो, कारण शेजारचाही उठून दिसायला बघत असतो. आणि आता ते चारचौघेही बदलले आहेत. ते गावातले, ओळखीचे राहिले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर त्यांची गणती नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने गणिताने दाखवले की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसते. पाच फुटांवरून काढले तर तसे होत नाही. म्हणजे मुलगी जे नाक घेऊन आपल्याकडे येते ते तिच्या चेहऱ्यावर नाहीच, ते भिंगात आहे. सौंदर्य शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगभरात सौंदर्याच्या सुमारे ३ कोटी ८० लाख प्रक्रिया झाल्या, आणि शस्त्रक्रियांमध्ये पापण्यांच्या शस्त्रक्रियेने लायपोसक्शनला मागे टाकले. याची कारणे अनेक असतील. पण दिवसभर पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहणाऱ्या पिढीला डोळ्यांभोवतीचे पहिल्यांदा खुपावे, यात नवल नाही.

म्हणून मागणीमागची इच्छा कोणती, हे आपण विचारायला हवे. यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, सज्ञान माणसाच्या शरीरावर त्याचाच अधिकार आहे, हेतू विचारणारे आपण कोण? अधिकार मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच इच्छा त्याचीच आहे ना, हे पाहणे आपले काम ठरते. साखरपुड्याची तारीख ठरलेली, मुलगी खाली मान घालून बसलेली आणि बोलते सगळे मावशी. अशा वेळी सही मुलीची असली तरी संमती कोणाची? दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: समाज बदला, माणसांना का कापता? हे म्हणणे थोर आहे, पण समाज सुधारेपर्यंत त्याची किंमत एकट्या मुलीने का मोजावी? कुष्ठाची भीती जाईपर्यंत अँटियांनी वाट पाहिली असती, तर कित्येक माणसे घराबाहेरच मेली असती. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: आपण नाही म्हटले तर पेशंट भोंदूकडे जाईल. ही भीती खरी आहे. २०२३ मध्ये बातमी आली की अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरत असलेली गोरेपणाची क्रीम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासली तेव्हा तिच्यात पारा सापडला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगालाही बजावावे लागले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून केशरोपण करता येत नाही. पण याचे उत्तर सगळ्यांना होकार देणे हे नव्हे. पेशंट नकारामुळे जितका दुरावतो, त्याहून जास्त न ऐकून घेतल्यामुळे दुरावतो. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा रुग्ण तर होकारानेही सुटत नाही. नाक झाले की त्याची चिंता हनुवटीवर जाते. त्याला सुरीपेक्षा मानसोपचार हवा, आणि तो रस्ता आपणच दाखवायला हवा.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देऊ नका. पेशंटशी काही वेळ एकट्याने बोला आणि ‘हे कोणाला खुपते?’ याचे उत्तर त्याच्याच शब्दांत केस पेपरवर लिहा. आणि शस्त्रक्रियेने काय होणार नाही हे आधी सांगा: नाक बदलेल, पण स्थळ येईलच असे नाही.

हे सारे शिर्डीत बोलताना भागोजी शिंदे आठवतात. साईचरित्रात नोंद आहे की १९१० मध्ये साईबाबांचा हात धुनीत भाजल्यावर नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंदांना आणले, पण बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतले नाहीत. रोज तूप लावून हाताला पट्टी बांधत होते ते भागोजी, आणि भागोजींना महारोग होता. लोक ज्या हाताला शिवत नव्हते, त्याच हाताला बाबांच्या द्वारकामाईत सेवेचा मान मिळाला. त्यासाठी भागोजींचा चेहरा बदलावा लागला नाही. असा हात जवळ करण्याचे बळ असलेली माणसे विरळा, म्हणून आपली शाखा लागते. आपण नाक देऊ, भुवई देऊ, पाळी जोडून देऊ. पण ज्याला आपल्या खोलीत कोणी बसवून ऐकून घेतले, त्याला बसायची जागा तिथेच पहिल्यांदा मिळालेली असते. ती जागा प्रत्येकाला द्या, शस्त्रक्रिया ज्याला हवी त्यालाच द्या, एवढे मागून मी आपली रजा घेतो.