स्वागताध्यक्षीय भाषण : जखमेची राखण आणि नशिराबाद

महानगरे सोडून, अंगावर वागवायच्या उपकरणांनी जखमेवर लक्ष ठेवण्याविषयीची ही परिषद जळगाव-भुसावळ महामार्गावरील नशिराबाद या गावी भरत असल्यामुळे गावाची ओळख करून देणे स्वागत समितीस कर्तव्य वाटते, आणि ती थोडी लांबल्यास विद्वज्जन सांभाळून घेतील अशी आशा आहे.

आज जळगाव तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाची नोंद १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये नशिराबाद या नावाने आहे, ही गोष्ट जळगावच्या पाहुण्यांनी मनावर न घेता ऐकावी. पुढे ते नाव मागे पडले. लोहमार्गही गावाला बगल देऊन दोन मैलांवरच्या भादलीहून गेला. परंतु काचेच्या बांगड्यांसाठी या गावाचा एके काळी जो लौकिक होता, तो कोणत्याही कचेरीने दिलेला नव्हता, म्हणून कोणाला काढूनही घेता आला नाही. जुना मणियार समोरचा पंजा हलकेच चेपून, अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवून माप ओळखतो आणि काच न तडकता बांगडी मनगटावर उतरवतो. अंगावर वागवायच्या वस्तूने देहाशी जुळवून घ्यावे लागते, ही जाण येथे जुनी आहे; परिषदेच्या विषयाशी गावाचे नाते एवढेच, आणि ते बारीक असले तरी समितीस सोडवत नाही. स्वामी मुक्तानंदांना गणेशपुरीच्या नित्यानंदांकडे धाडणारे अवधूत झिप्रू अण्णा महाराज याच गावचे. जखमेच्या स्वच्छतेचा विचार करणाऱ्या सभेपुढे उकिरड्यावर बसणाऱ्या सत्पुरुषाचे नाव घेणे काहींना विसंगत वाटेल, तरी त्यांच्या स्मरणावाचून येथे सभा सुरू होणे समितीस रुचले नाही.

आता परिषदेच्या विषयाकडे. परिधेय संवेदक, म्हणजे अंगावर वागवता येणारे आणि शरीरातील बदल टिपणारे सूक्ष्म उपकरण, जखमेवरील पट्टीत बसवले असता पट्टी न सोडताच आतली खबर देते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर चिघळलेली जखम बहुधा अल्कधर्मी होते. हा फरक आणि तापमान टिपून गरजेनुसार औषध सोडणारी पट्टी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात समीर सोनकुसळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडली. मधुमेहात पायाची संवेदना गेल्यावर काटा रुतलेलाही कळत नाही, त्यामुळे कपाशीच्या रानात अनवाणी वावरणाऱ्यास अशा राखणदाराची गरज शहरवासीयांहून अधिक आहे. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या खानदेशात तापमानावरून काय कळणार, ही शंका रास्त आहे. मात्र पायांच्या देखरेखीत एका पायाची तुलना दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी करतात आणि सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक टिकून राहिल्यास तो व्रणाचा पूर्वसंकेत मानतात, त्यामुळे उन्हाचा ताप दोन्हीकडे सारखाच धरला जातो. ही उपकरणे येथील घामाधुळीत कितपत टिकतील आणि मजुराच्या खिशाला कितपत परवडतील, याचाही निर्वाळा विद्वानांनी द्यावा.

व्यवस्थेतील उणिवा समितीस ठाऊक आहेत. निवासाची सोय जळगाव व भुसावळ अशी विभागावी लागल्याने प्रतिनिधींना महामार्गावरील मालमोटारींच्या रांगेत तिष्ठावे लागले, मंडपातील पंखे अपुरे पडले, नावांच्या बिल्ल्यांवर शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या आणि वीज गेल्यास जनित्र सुरू होईपर्यंत पडद्यावरील चित्रे थांबतील. या सर्वांबद्दल समिती दिलगीर आहे. मंडपासाठी लाकूडफाटा देणारे व्यापारी, केळीचे घड पाठवणारे बागायतदार, पाण्याचे टँकर विनामूल्य पुरवणारे वाहनमालक, पंगतीच्या सतरंज्या देणारी भजनी मंडळे, आपल्या ओसऱ्या पाहुण्यांसाठी मोकळ्या करणारी घरे आणि नाव न सांगण्याच्या अटीवर रोख रक्कम देणारे दाते यांचे समितीवर ऋण आहे. त्या दात्यांपैकी काहींची नावे छापील पत्रिकेत चुकून आली, त्याबद्दल त्यांची वेगळी क्षमा मागण्यात येत आहे.

पहिली पंगत साडेबाराला बसेल. वांग्याच्या भरितात आणि शेवभाजीत तिखट बेताने घालण्याची सूचना आचाऱ्यांना दिलेली आहे, परंतु आचारी खानदेशी असल्याने ती कितपत पाळली जाईल याची हमी समितीस देता येत नाही. ताक मुबलक ठेवले आहे.