न ठरवलेली सहल



शाळेच्या सहलीत आपण अजिंठ्याची लेणी पाहिली. गाव मात्र एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलं. मुलं परगावी गेल्यापासून आमच्या घरातलं बोलणं औषधं आणि गॅस सिलिंडर एवढ्यावर आलं होतं. गेल्या शनिवारी चहा घेताना ही म्हणाली, "चला, कुठंतरी जाऊ." लगेच गाडी काढली. फुलंब्री, मग सिल्लोड. तिथं गरम भजी खाताना ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. पुढे गोळेगाव आणि अजिंठा.

गावात पारोची कबर आहे. लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. पारो ही त्याची इथलीच जोडीदार. २३ मे १८५६ रोजी ती वारली. त्यानं काढलेली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तिच्या नावाचा दगड मात्र राहिला.

ही हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी कधी चार ओळी तरी लिहिल्यात का?"

मी गप्प. बाई, तुम्ही माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचात. आजचं भाषण म्हणजे त्या राहिलेल्या चार ओळी. ही समोरच बसली आहे.