सहीचे उत्तरदायित्व

(पुण्यात अभियंता दिनी झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



१५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण याच पुण्यात झाले आणि त्यांनी योजिलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसली. तेच खडकवासले १२ जुलै १९६१ रोजी फुटले. विश्वेश्वरय्या त्या दिवशी हयात होते.

दोष त्या दारांचा नव्हता. वरच्या अंगाला असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही. पानशेतचे काम पुरे झालेले नसताना त्या पावसाळ्यात तेथे पाणी साठविले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. त्या मोरीतून पाणी अनावर वेगाने धावू लागले आणि वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सावरले, म्हणून पुण्यावर पूर आला तो दिवसा. मध्यरात्री आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर समाजातून दोन सूर उमटतात. एक म्हणतो, ‘निसर्गापुढे कोणाचे चालते?’ दुसरा म्हणतो, ‘सगळेच चोर, एकालाही सोडू नका.’ पहिला सारा दोष दैवाच्या पदरात टाकतो, दुसरा तो सर्वांवर सारखा वाटून देतो. सर्वच दोषी ठरले की दोषी कोणीच उरत नाही. पंधरा दिवसांत संताप ओसरतो आणि चौकशीचा अहवाल येतो तेव्हा तो वाचायला कोणी नसते.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला. त्याची तपासणी आधीच झालेली होती. किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा निर्वाळाही मिळाला होता. त्या क्षणी खालच्या रस्त्यावरचा सिग्नल लाल होता, म्हणून अधिक हानी टळली, असे लोक सांगत होते. नागरिकांचे प्राण सिग्नलच्या रंगावर अवलंबून राहावेत, ही आपल्या व्यवस्थेची केवढी नामुष्की!

म्हणून संतापापेक्षा प्रश्न नेमके हवेत. आराखड्यावर सही कोणाची? तपासणी कोणी केली आणि कशी केली? कनिष्ठ अभियंत्याने शंका लेखी नोंदविली होती काय आणि ती कोणी बाजूला सारली? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील, तर शिक्षा बहुधा सर्वांत खालच्या माणसालाच होते.

मात्र बोट केवळ शासनाकडे दाखवून आपली सुटका नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्या मागे फरफटते, तेव्हा टाळ्या आपणच वाजवितो. तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. परंतु आपल्या सोसायटीत तो खर्च नको म्हणून हात वर करणारे आपणच असतो. दिवाणखाना ऐसपैस व्हावा म्हणून भिंत पाडताना खांबाचा विचार किती जण करतात?

सभागृहातील तरुण अभियंत्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ज्या कागदाविषयी मनात शंका आहे, त्यावर सही करू नका. नकार द्याल तर कदाचित बदली होईल, बढती अडेल. आणि आपण नागरिकांनी त्या प्रसंगी त्याला एकटे पडू देता कामा नये. दुर्घटनेनंतरच्या शंभर मोर्चांहून दुर्घटनेपूर्वीचा एक लेखी नकार समाजाच्या अधिक हिताचा असतो.