नोव्हेंबरच्या तीन तबकड्या



या व्यासपीठावरून गाण्याविषयी बोलायचे म्हणजे ख्याल-ठुमरीविषयी बोलायचे, असा रिवाज आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. विषय ऐकून पुढच्या रांगेत दोनतीन कपाळांवर आठी उमटलेली दिसते. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या कपाळावर ती पुष्कळ वर्षे होती.

आम्ही ज्या तीन पाश्चात्त्य तबकड्यांची शिफारस करणार आहोत, त्या तिन्ही नोव्हेंबर २०२४ मधल्या. याहून ताज्या का नव्हेत, असे कोणी विचारील. आंब्याप्रमाणे तबकडीलाही आढीत थोडे दिवस द्यावेत, असे आमचे मत आहे. पहिल्या आठवड्याचा गलबला ओसरल्यावरही जी पुन्हा लावावीशी वाटते, तिचेच नाव दुसऱ्याला सांगावे.

त्यांतल्या दोन एकाच दिवशी, २२ नोव्हेंबरला, निघाल्या. आणि दोन्ही गवयी १९८७ साली जन्मलेले. मायकेल किवानुका हा लंडनचा. त्याचे आईवडील इदी अमीनच्या जाचाला कंटाळून युगांडातून तिकडे गेलेले. तो गातो ते सोल. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनांतून आणि ब्लूजमधून निघालेल्या या गाण्यात गळा मोकळा सोडून आळवण्याची रीत आहे. किवानुका आवाज चढवीत नाही. शेजारी बसून बोलावे तसा गातो. 'स्मॉल चेंजेस' हे नाव त्याच्या तबकडीला शोभते. ज्यांना एकदम झेप घ्यायची नाही, त्यांनी इथून आरंभ करावा.

दुसरा केंड्रिक लमार, कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनचा. २०१८ साली याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर ते प्रथमच गेले. 'जीएनएक्स' त्याने आगाऊ सूचना न देता काढली. हे १९८७ च्या एका ब्यूइक मोटारीचे नाव. बारा गाणी. शिव्या आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. आणि इतर रॅपगायकांशी चाललेल्या भांडणाचा भाग आम्हांला रुचला नाही. पण आरंभालाच डेरा बॅरेरा या मारियाची गायिकेचा स्पॅनिश स्वर येतो, तेव्हा कान टवकारतात. आणि 'लूथर' हे गाणे तर ऐकाच. त्यात लूथर व्हँड्रॉस व शेरिल लिन यांच्या १९८२ मधल्या युगुलगीताचा तुकडा जसाच्या तसा गुंफलेला आहे. आणि ते गाणेही मूळचे १९६७ चे, मार्व्हिन गे व टॅमी टेरेल यांचे. ही उसनवारी नव्हे काय? आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे नाव छापलेले असे. त्याला कोणी चोरी म्हटले नाही. उलट जाणता श्रोता दोन्ही गाणी एकदम ऐकत असे.

आता तिसरी. हिच्यापाशी आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

आमचा पुतण्या शिकायला आमच्याकडे राहत असे. तो 'क्युअर' या इंग्रजी मंडळींची गाणी लावी. आम्ही एकदा 'हे रडगाणे बंद कर' म्हणालो. त्याने बंद केले, आणि पुन्हा आमच्यासमोर काहीच लावले नाही. पुढे आमचे थोरले बंधू, त्याचे वडील, वारले. दिवसकार्य उरकल्यावर आमच्यात बोलण्यासारखे फारसे उरले नाही.

याच मंडळींची 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' ही तबकडी १ नोव्हेंबरला आली. आधीची २००८ ची. मध्ये सोळा वर्षे गेली. त्या काळात रॉबर्ट स्मिथ या त्यांच्या गायकाचे आई, वडील आणि थोरला भाऊ गेले. पहिल्या गाण्यात, 'अलोन'मध्ये, तीन मिनिटांहून अधिक वेळ नुसते वादन चालते. संथ ठेका, वर वाद्यांचे दाट थर. गायकाचा पत्ता नाही. ज्याने मारव्याची आलापी बसून ऐकली आहे, त्याला हा धीर शिकवावा लागत नाही. आम्हांला वाटले, अरे, हे तर आपल्याला येते! मग आवाज आला. पासष्टीचा, पण थकलेला नव्हे.

पुढे 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे भावावरचे गाणे. पियानोचे दोनचार स्वर फिरून फिरून येतात. त्याविषयी इथे अधिक बोलणे आम्हांला जमणार नाही.

त्या रात्री पुतण्याला लिहिले की, 'अलोन' ऐकले. आमच्या जुन्या बोलण्याबद्दलही एक वाक्य लिहिले. सकाळी त्याचे उत्तर आले : 'काका, शेवटचे ऐकलेत का?' शेवटचे म्हणजे 'एंडसाँग', दहा मिनिटांहून मोठे. आम्ही तोवर ऐकले नव्हते. तसे कळवले, तर तो म्हणाला, थांबा, रविवारी येतो; एकट्याने ऐकू नका.