घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी धमनीची तपासणी



तान्ह्याचे दूध नाकावाटे परतते, पुढे बोलणे गेंगाणे होते आणि हृदयातही जन्मजात दोष सापडतो. या साऱ्यांच्या मुळाशी कित्येकदा एकच कारण असते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला असतो. या लक्षणसमूहाचे वर्णन अमेरिकेतील श्प्रिंट्झेन यांनी १९७८ साली केले.

गेंगाणेपणा घालविण्यासाठी घशाच्या मागील भिंतीचा मांसल पट्टा उचलून टाळूस शिवतात. परंतु मेंदूस रक्त पुरविणारी मानेतील धमनी अशा काही मुलांत बाजूची जागा सोडून नेमकी त्या भिंतीमागे आलेली असते. तिला शस्त्र लागल्यास प्राणावर बेतते. म्हणून शल्यवैद्य दुर्बिणीतून भिंतीवरील स्पंदन पाहतात; तेवढ्यावर न विसंबता चुंबकीय अथवा क्ष-किरण चित्रणाने धमनीचा मार्ग निश्चित करतात. ती सरकलेली आढळली तरी शस्त्रक्रिया टळतेच असे नाही. पुष्कळदा छेदाची जागा बदलून ती साधता येते.

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आपल्या कुटुंबांस आमची विनंती एवढीच, की पुढे सोयरीक जमविताना अडचण येईल या धास्तीने मुलाच्या हृदयविकाराचे कागद घशाच्या डॉक्टरांपासून दडवू नयेत. हा दोष बहुधा अपत्यातच नव्याने उद्भवतो. त्यात मातेचा काही अपराध नाही. मात्र आईबापांपैकी एकात तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो, आणि रक्ततपासणीने तो कळतो. लौकिक सांभाळण्यापेक्षा लेकराचा जीव सांभाळणे, हेच आपले पहिले कर्तव्य होय.